प्रयोगशाळेतील ज्ञान गवंड्यापर्यंत कधी पोहोचणार?

कोकणातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागील अंगाला वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून दोन पक्क्या खोल्या बांधल्या, तेव्हा दर वर्षीची कौले परतण्याची यातायात कायमची मिटली, असे आम्हां सर्वांना वाटले होते. परंतु पंधरा पावसाळे उलटतात न उलटतात तोच स्लॅबचे पोपडे गळू लागले आणि आतील सळया फुगून उघड्या पडल्या. बांधकामाची वाळू खाडीतली होती आणि ती गोड्या पाण्याने धुतलेली नव्हती. गवंडी लबाड नव्हता. वडिलांच्या हाताखाली जे शिकला, तेच तो इमानाने करीत होता. खाऱ्या वाळूने लोखंडाचे काय होते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि ज्यांना ते ठाऊक होते, त्यांना ते सांगणे हे आपले काम वाटत नव्हते. विद्यापीठांतील संशोधन आणि सामान्य जनता यांच्या नात्याचा विषय निघाला की मला तो स्लॅब आठवतो.

ज्या शास्त्राशी या गोष्टीचा संबंध आहे, त्याला इंग्रजीत मटेरियल सायन्स म्हणतात. त्यासाठी मराठीत सर्वमान्य शब्दही अद्याप रुळलेला नाही. ‘पदार्थविज्ञान’ म्हणावे, तर त्याचा अर्थ भौतिकशास्त्र असा होऊन बसलेला आहे. सोयीसाठी आपण द्रव्यविज्ञान म्हणू. नाव परके असले, तरी विषय मात्र घरातलाच आहे. नवसागर टाकून पितळी पातेल्यावर कथलाचा हात फिरविणारा कल्हईवाला हे याच शास्त्राचे एक प्रकरण दारात बसून करून दाखवीत असे. आपल्या स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि हवेच्या संपर्काने त्याचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. काँक्रीटमधील सळईलाही असेच कवच लाभते. ते सिमेंटच्या अल्कधर्मामुळे. मिठातील क्लोराइड हे कवच भेदते, लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापत असल्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. सातवी-आठवीच्या मुलाला समजावे इतके हे सोपे आहे. तरीही गावोगावच्या बांधकामावर ते पोहोचलेले नाही.

ते पोहोचविता येते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे. उंची सात मीटरांहून थोडी अधिक, वजन सहा टनांहून जास्त. त्याच्याविषयी दंतकथांना तोटा नाही. कोणी त्यात दैवी शक्ती पाहिली, तर कोणी ते परग्रहवासीयांचे काम ठरविले. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्राचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. जुन्या भट्ट्यांत चुनखडी वापरीत नसत. त्यामुळे लोखंडात फॉस्फरस राहून गेला, आणि त्याच फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर जमला, असा त्यांचा निष्कर्ष. २००० साली त्यांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; परंतु ते तेथे थांबले नाहीत. सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत त्यांनी पुस्तके लिहिली. २००९ साली त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या लेखनामुळे प्राचीन लोहारांचे महत्त्व तिळमात्र कमी झाले नाही. उलट, चमत्काराच्या जागी कारागिराचे कसब दिसू लागल्याने ते वाढलेच. आंधळा अभिमान आणि आंधळी निंदा या दोहोंपासून समाजाला वाचविणारे ज्ञान ते हेच.

आता अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने थोडा हिशेब मांडतो. गंजामुळे होणारे जगाचे नुकसान वर्षाला सुमारे अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे २०१३ सालच्या जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के असावे, असा अंदाज या क्षेत्रातील ‘नेस इंटरनॅशनल’ या संस्थेने २०१६ साली दिला. परंतु मला त्या अहवालातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. आज उपलब्ध असलेलेच उपाय नीट वापरले, तर यांपैकी १५ ते ३५ टक्के नुकसान टाळता येईल, असे तो अहवाल सांगतो. म्हणजे एवढ्या बचतीसाठी नवा शोध लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जे ठाऊक आहे ते ज्याच्या हातात थापी आहे त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, इतकेच. धान्याचे पोते एकाने नेले की दुसऱ्याला उरत नाही. ज्ञानाचे तसे नाही. वापरल्याने ते घटत नाही. असे असता, लोकांच्या पैशाने निर्माण झालेले ज्ञान कपाटात पडून राहणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

यावर संशोधकांचे म्हणणे असते, की आम्हांला वेळ नाही, साधने अपुरी आहेत. ते खोटे नाही. २०२०-२१ साली आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. ही रक्कम तुटपुंजी आहे, यात शंका नाही. परंतु ती वाढावी असा आग्रह धरणार कोण? ज्या कारकुनाला, शिक्षकाला, शेतकऱ्याला विद्यापीठाच्या कुंपणाआड काय चालते याची गंधवार्ता नाही, तो अंदाजपत्रकाच्या वेळी संशोधनाची बाजू घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. दुसरा आक्षेप असा, की सोपे करण्याच्या नादात शास्त्र पातळ होते. पातळ होते ते अपुऱ्या समजुतीने. विषय पुरता पचविलेल्या माणसाला तो सोपा करून सांगता येतो, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

या बाबतीत सद्हेतूंची उणीव नाही. वैज्ञानिक दृष्टीचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली घटनेत समाविष्ट झाले. २०२२ साली केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक शास्त्रज्ञाने वर्षातून किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. परंतु आपल्याकडे चांगल्या अपेक्षांचे समारंभात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो, दीपप्रज्वलन होते, पाहुणे तासभर इंग्रजीत चित्रफिती दाखवितात, आणि छायाचित्रांसह अहवाल वर जातो. आमच्याच महाविद्यालयात अशा एका व्याख्यानानंतर प्रयोगशाळेतील परिचराने भीत भीत विचारले, “साहेब, आमच्या पत्र्याच्या छपराला यातलं काही लावता येईल का?” सभागृहात हशा पिकला. वास्तविक त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि पाहुण्यांनी तो हसण्यावारी नेला.

मराठीला या कामाची परंपरा नाही असे नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली निघाले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. ही कामे हौशी आणि निष्ठावंत माणसांनी पदरमोड करून चालविली. पण जे काम विद्यापीठाचे आहे, ते किती काळ इतरांच्या पदरमोडीवर सोडायचे? प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या तराजूत शोधनिबंधाला जे वजन आहे, त्याचा अल्पांशही मराठी लेखाला नाही. तराजू असा असताना तरुण संशोधकाला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी कराव्यात. पीएच.डी.च्या प्रत्येक प्रबंधासोबत चार पानांचा मराठी सारांश सक्तीचा करावा आणि तो जिल्हा ग्रंथालयांत व आय.टी.आय.मध्ये ठेवावा. ते दहा दिवस सेवापुस्तिकेत नोंदले जावेत आणि पदोन्नतीच्या वेळी मोजले जावेत. आणि हे दिवस सभागृहात न घालविता गवंडी, लोहार, वेल्डर यांच्या कामाच्या जागी घालवावेत; तेथील प्रश्न वहीत लिहून विद्यापीठात परत आणावेत. यातील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

आमचा स्लॅब मागच्या वर्षी पाडून नवा घातला. जुन्या गवंड्याचा मुलगाच कामावर होता. वाळू धुऊन घ्यायची आणि सळईखाली पुरेसे काँक्रीट राहील असे पाहायचे, हे मी त्याला कारणासह सांगितले. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “हे आधी कोणी सांगितलं असतं, तर गावातली किती घरं वाचली असती!” त्याच्या या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते आपल्या विद्यापीठांनी द्यावयाचे आहे.