धुक्यातला सायकलस्वार आणि मालकाची घंटा

फरीदाबादेत बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच वाजता मथुरा रोडवर सायकल घेऊन उतरलेल्या कामगाराला बर्फाची उणीव भासत नाही. हँडलवर बोटे बधीर होतात, दाढी-मिशांवर दव साचते आणि समोर पांढऱ्या भिंतीसारखे धुके उभे असते. पुण्या-पिंपरीच्या आमच्या वाचकांना थंडी ठाऊक आहे, परंतु उत्तरेच्या मैदानातले हे धुके वेगळेच. वारा पडलेला, जमीन ओली आणि गार, त्यात धूर मिसळलेला. असे धुके दिवस वर आला तरी हटत नाही.

हवामान खात्याच्या मोजमापानुसार 50 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की ते अतिदाट धुके. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारा ट्रक सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापतो. म्हणजे चालकाला सायकल दिसल्यापासून तिच्यावर पोहोचेपर्यंत जेमतेम तीन सेकंद! त्यात रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभे केलेले ट्रक. ते चुकवायला सायकलस्वाराला रस्त्याच्या मध्ये यावेच लागते.

यावर काही शहाणे म्हणतात, मग मेट्रोने का जात नाहीत? मेट्रो 2015 साली एस्कॉर्ट्स मुजेसरपर्यंत आणि 2018 साली बल्लभगडपर्यंत आली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण ती मथुरा रोडच्या बाजूने धावते. आतल्या सेक्टरांतल्या प्रत्येक कारखान्याच्या गेटपर्यंत नेत नाही. आणि किमान वेतनावरच्या कंत्राटी कामगाराला रोजचे जाण्यायेण्याचे भाडे परवडत नाही. त्याची सायकल ही हौस नव्हे, त्याच्या पगाराचा हिशेब आहे.

खरा प्रश्न गेटवरच्या घंटेचा आहे. दहा मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी कापायची, ही रीत अनेक ठिकाणी चालते. आगगाड्या धुक्यामुळे तासन् तास उशिरा येतात, विमाने रद्द होतात. त्याबद्दल कोणी इंजिनचालकाचा पगार कापत नाही. सायकलवाल्याने मात्र धुके कापत वेळेवर यायचे! ही दहा मिनिटे वाचवण्यासाठीच तो जोराने पेडल मारतो आणि ट्रकपुढे येतो. तेव्हा अशा अपघाताला निव्वळ दैव म्हणणे आम्हाला मान्य नाही.

कायद्यालाही हे पटायला फार वर्षे लागली. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर, पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटे असताना एका सायकलस्वार कामगाराला लॉरीने ठोकरले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कामावरची इजा नव्हे, असा निकाल दिला. पुढे 2010 साली राज्य कामगार विमा कायद्यात 51-ई हे कलम आले आणि घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा व परिस्थितीचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा मानला जाऊ लागला. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 साली पहाटे तीनच्या पाळीला जाताना अपघातात दगावला. त्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाकडून न्याय मिळाला तो जुलै 2025 मध्ये. बावीस वर्षे! नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. संहितांना आमचा विरोध आहे, पण म्हणून पदरात असलेला हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

मात्र हा हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, ज्याचा विमा ठेकेदाराने भरलेला नाही, तो कोणता संबंध सिद्ध करणार? म्हणून आमचे सांगणे आहे की अपघात झाला तर साथींनी प्रथम जखमीला दवाखान्यात न्यावे, मग पोलिसांत नोंद करावी, पाळीची वेळ आणि अपघाताची जागा लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी युनियनला कळवावे.

व्यवस्थापनांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. दाट धुक्याच्या दिवशी एक तासाची सवलत, हजेरी न कापता. डिसेंबर-जानेवारीत सकाळची पाळी उशिरा सुरू करावी. प्रत्येक सायकलवाल्याला, तो कायम असो वा कंत्राटी, चमकणारे जाकीट आणि रिफ्लेक्टर द्यावे. महापालिकेने औद्योगिक सेक्टरांतले रस्त्यावरचे दिवे चालू ठेवावेत आणि कडेला उभे राहणारे ट्रक हटवावेत. कोपनहेगनमध्ये बर्फ पडला की सायकलींची वाट आधी साफ करतात. आम्ही तेवढेही मागत नाही.

या मागण्यांचा खर्च एका अपघाताच्या नुकसानभरपाईपेक्षा कमी आहे. युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या हिवाळ्याची वाट न पाहता दिवाळीपूर्वीच हे पत्र व्यवस्थापनाच्या टेबलावर ठेवावे. धुके निसर्गाचे आहे. घंटा माणसाने बांधली आहे, आणि ती बदलता येते.