राजवाडा ते प्रयोगशाळा

“डॉक्टरसाहेब, या वयात आता लस कशाला?” अमळनेरच्या एका आजोबांचा हा प्रश्न ऐकून मला मुंबईतील परळचे जुने राजभवन आठवले. तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. राजवाड्याच्या भिंती रोगाला अडवू शकल्या नाहीत. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर हलला आणि १८९९ मध्ये त्या वास्तूत वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. मृत जंतूंपासून केलेली प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. १९२५ पासून ही प्रयोगशाळा ‘हाफकिन संस्था’ म्हणून ओळखली जाते.

हे ऐकून आजोबांनी बाही वर केली. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून फ्लू व न्यूमोनियाच्या लशींविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.