खा, पण तास मोजून

आपल्याकडे डाएट म्हणजे काहीतरी बंद करणं. भात बंद, साखर बंद. ऑफिसातलं निम्मं पब्लिक सध्या त्यातच आहे. त्यामुळे डायलिसिसवाल्या पेशंटला डॉक्टर 'प्रोटीन वाढवा' म्हणतात, तेव्हा घरच्यांचा विश्वासच बसत नाही. काष्टीच्या माझ्या मामी तर सरळ म्हणाल्या, "आरं, किडनीवाल्याला कुठं मटण देत्यात का?"

मामींचंही चूक नाही. काष्टी म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातलं उसाचं आणि जनावरांच्या बाजाराचं गाव. खाण्यापिण्याला कमी नाही. पण किडनी अर्धवट चालत होती तेव्हा मामांचं प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. मशीन कचऱ्याबरोबर कामाचा मालही नेतं. एका सेशनमध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम अमिनो अ‍ॅसिड्स जातात, म्हणजे जवळपास दोन अंड्यांच्या पांढऱ्या भागातलं प्रोटीन. म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. नुसत्या वरणभातावर हे जमत नाही, बॉस!

लफडं असं की, प्रोटीन येतं ते फॉस्फरसला सोबत घेऊन. दूध, डाळी, शेंगदाणे, मटण, सगळीकडे तो आहेच. रक्तातला फॉस्फरस मशीन पटकन काढतं, पण पेशींमधला सावकाश बाहेर येतो. मशीन जोरात चालवून फार फायदा नाही, वेळच द्यावा लागतो. चांगली किडनी आठवड्याचे १६८ तास ड्यूटीवर असते. मशीनला मिळतात चार-चार तासांच्या तीन पाळ्या. आपल्याकडे बरेच जण दोनच पाळ्यांवर भागवतात. म्हणजे आठ तास, आपला ऑफिसचा एक दिवस!

पाण्याचंही तेच. तीन लिटर पाणी चार तासांत काढायचं तर तासाला ७५० मिली ओढावं लागतं. पायात गोळे येतात, बीपी पडतं, घरी आल्यावर माणूस आडवा. जेवण राहूनच जातं. तेच सहा तासांत काढलं तर तासाला ५००. फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या तासाँ इथे वर्षानुवर्षं आठ-आठ तासांचं डायलिसिस झालं. बहुतेक पेशंटच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या (मीठ मात्र तिथेही कमीच).

पण फार हुरळून जाऊ नका. अमेरिका-कॅनडात रात्री झोपेत, आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस करून पाहिलं. २०११च्या निष्कर्षांत फॉस्फरस छान उतरला होता. पोषणाचा अंदाज देणारं रक्तातलं अल्ब्युमिन मात्र ढिम्म हललं नाही. वाढीव तासांनी पथ्य सैल होतं, पण घास पेशंटलाच खावा लागतो. वर्षभर 'हे नको, ते नको' ऐकलेल्या माणसाला पुन्हा खायला लावणं हे मामींचं काम, मशीनचं नाही.

आणि तास वाढवणंही सोपं नाही. काष्टीहून नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जायचं-यायचं म्हटलं तरी दिवस जातो, शिवाय पुढचा पेशंट दारात उभा. तरीही पुढच्या व्हिजिटला अल्ब्युमिन आणि फॉस्फरसचे आकडे मागा, एखादा तास वाढेल का तेही विचारा. वाढला तर लगेच शहाळं फोडू नका. पोटॅशियम चढतं ते दोन सेशनच्या मधल्या दिवसांत, आणि ते दिवस तेवढेच राहतात.