डावं की उजवं

गेम बनवणाऱ्याचा निम्मा दिवस हातातल्या सॉफ्टवेअरच्या मांडणीवर ठरतो. ब्लेंडरचंच घ्या. टॉन रोझेनदाल यांनी नेदरलँड्समधल्या आपल्या स्टुडिओच्या कामासाठी हे त्रिमितीय साधन लिहायला घेतलं. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. पण त्यात वस्तू निवडायची तर माउसचं उजवं बटण दाबावं लागे. नवशिका सवयीनं क्यूबवर डावं क्लिक करी. क्यूब निवडला जात नसे, लाल-पांढऱ्या वर्तुळाचा थ्री-डी कर्सर तेवढा तिथे येऊन बसे. जुन्या हातांना यात खरी सोय वाटे: निवड एका बटणावर, बाकी काम दुसऱ्यावर, चुकून काही सरकायला नको. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीनं निवड डाव्या बटणावर आणली आणि उजव्याचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला. मला हा निर्णय मनापासून पटतो, कारण जुनं वैभव त्यांनी मोडलं नाही. ‘जी’ दाबून हलवणं, ‘आर’नं फिरवणं, ‘एस’नं लहान-मोठं करणं (या तीन कळा एकदा बोटांत बसल्या की मेनूकडे नजरही जात नाही) सगळं जागच्या जागी राहिलं. सध्या मी माझ्या गेमचा लेव्हल एडिटर लिहितोय, तिथेही हेच लक्षात ठेवतो. तो पहिल्यांदाच वापरायला बसलेल्या सहकाऱ्याचा हात कुठे अडखळतो, ते शेजारी गप्प बसून बघतो आणि संध्याकाळी तेवढं एकच बटण हलवतो.