रिपोर्ट बाईचा, वाचायचा कुणी?



पेण-रोह्याच्या बैठकांत हल्ली पिशवीतून एक कागद हमखास निघतो. चार घड्या घातलेला, रक्ततपासणीचा. कुठे आकडा ठळक छापलेला, कुठे बाण वर, कुठे खाली. "डॉक्टर म्हणाले, थायरॉईड आहे," एवढंच बाईला ठाऊक असतं. अहो, थायरॉईड तर प्रत्येकीलाच असते, गळ्याच्या पुढच्या भागातली ती ग्रंथी! तिला नेमकं काय झालंय, गोळी किती दिवस, हे बाईनं विचारलेलं नसतं आणि तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

१९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग निघाले होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ. बाईला तपासा, ही तेव्हापासूनची आपली मागणी. आज रक्त तपासलं जातं, पॅकेजमध्ये पन्नास-साठ आकडे हातात पडतात. बाई मात्र बिनतपासलेलीच राहते.

तेव्हा कागद आपणच वाचायला शिकू. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉईडला धाडलेला निरोप. थायरॉईड काम करीना की निरोपाचा आवाज चढतो. म्हणजे आकडा वाढला तर थायरॉईडचं काम कमी पडतंय. इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. साधारण ०.४ ते ४ किंवा साडेचार ही मर्यादा, पण प्रत्येक लॅबची थोडी वेगळी, ती शेजारीच छापलेली असते. टीएसएच ६-७ आणि टी-४ ठीक असेल, तर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात; कितीजणींचा आपसूक उतरतो. दहाच्या वर गेला किंवा टी-४ उतरलं, तर सहसा गोळी लागते. गरोदर बाईनं मात्र वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांकडे जावं. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. आशाताई देतात त्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. हे न सांगितल्यामुळे गोळी घेऊनही आकडा हलत नाही, आणि बोलणी बाईलाच बसतात. मनानं गोळी बंद मात्र करू नका.

खारेपाटात मिठागरं, म्हणून मिठाबद्दल हटकून विचारलं जातं. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. रोजच्या जेवणात आयोडीनचंच वापरा. पण ते खाऊनही थायरॉईड बिघडते. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, आणि हे पुरुषांपेक्षा बायांत कितीतरी अधिक. यात बाईचा काही दोष नाही.

'ड' जीवनसत्त्वाचं तर पेवच फुटलंय. २० च्या खाली आकडा म्हणजे कमी. पण पुष्कळ लॅब ३० च्या खालीही 'अपुरं' छापतात. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं ही ३० ची रेषा २०२४ मध्ये सोडून दिली आणि धडधाकट माणसाची सरसकट तपासणी नको, असं सांगितलं. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे. कुणी रोज घेतं, कुणी वर्षभर चालू ठेवतं. त्यानं रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बी-१२ दोनशेच्या खाली गेलं तर हातापायाला मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर नसांचं कायमचं नुकसान होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणारीनं हे तपासून घ्यावं. बी-१२ मासळीत, अंड्यात, दुधात असतं. आपल्याकडे मासळीला तोटा नाही. पण शेवटी जेवायला बसणारीच्या ताटात तुकडा किती येतो?

सगळे बाण पाहून झाले की हिमोग्लोबिन पाहा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, गरोदरपणी ११ च्या खाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी होत्या. सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि तिच्याकडेच डोळेझाक! महाग पॅकेज करून आलेल्या बाईला आठ हिमोग्लोबिनवर धाडून दिलेलं आम्ही पाहिलंय.

आणि सगळे आकडे ठीक आले तरी थकवा खोटा ठरत नाही. गणपतीच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून रंगकाम, घरी येऊन पाणी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं दुखणं. झोपेचे तास कुठली लॅब मोजते? "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत," असं ऐकून परतलेल्या मैत्रिणीला आपण तरी तसं म्हणू नये.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पेण, रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत आधी विचारा. एखादी तपासणी होत नाही म्हणाले तर कोणती आणि का, ते लिहून घ्या. पुढच्या बैठकीला जुने रिपोर्ट घेऊन या, म्हणजे आकडा चढला की उतरला ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. आणि डॉक्टरांकडे जाताना दोघी मिळून जा.