फाटक कोठे गेले?

माळशिरस तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव निघाले की नीरेपलीकडचे वालचंदनगर आठवते आणि मागोमाग साखर. परंतु सोलापूरच्या या उद्योगपतीचा पाया साखरेत नव्हे, तर रूळ, बोगदे आणि पूल यांत घातला गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेतील कारकून लक्ष्मणराव फाटक आणि तरुण वालचंद यांनी भागीदारी केली. एकाजवळ पैसा, दुसऱ्याजवळ कामाची माहिती. बार्शी–येडशी या अरुंद रुळाच्या मार्गाचे काम त्यांनी प्रथम केले. ‘फाटक-वालचंद’ ही कंपनी 1920 मध्ये टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली. 1926 मध्ये वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. 2009 मध्ये खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू तिचाच.

या वाटचालीत फाटकांचे नाव मात्र मागे पडले. भागीदाराची ही गत, तर पाया खणणाऱ्या वडाराची, दगड घडवणाऱ्या पाथरवटाची काय कथा?

परकीय राजवटीत असली कामे अंगावर घेणाऱ्या वालचंदांचे धाडस मोठेच. पण पैसेवाल्याला चरित्र आणि राबणाऱ्याला केवळ हजेरीपटावरचा अंगठा, ही वाटणी न्याय्य नव्हे. आपल्या तालुक्यात नीरा उजव्या कालव्यावर, पुलांवर ज्यांचे आजे-पणजे राबले, त्यांच्या घरी जाऊन आपण विद्यार्थ्यांनी आठवणी लिहून घ्याव्यात. इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे काम यंदाच हाती घ्यावे. दगडी पूल थांबतील. म्हातारी माणसे थांबणार नाहीत.