सुप्याची होळी आणि कोरा सातबारा

निवडणूक जवळ आली की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सभांत एक घोषणा हमखास ऐकू येते : सातबारा कोरा करा! सत्तेबाहेरचा पक्ष ती मोठ्याने देतो, सत्तेतला पक्ष तिजोरीकडे बघत हळू बोलतो. पुढे दोघांच्या जागा बदलतात आणि आवाजही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा चढतो, तो पुसला जावा, एवढीच ती मागणी. तिला कोणी लोकानुनय म्हणतो, कोणी न्याय. पण शेतकऱ्याचा संताप कागदाकडेच का वळतो, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेत सापडते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना मुख्यतः खते आणि वह्या हव्या होत्या. त्या रस्त्यावर आणून जाळल्या गेल्या. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पोचले. सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली, तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. राग माणसावर होताच. पण त्याहून अधिक कागदावर होता.

सावकार पेशवाईतही होता. मग कागद एवढा बलवान कधी झाला? इंग्रजी अमलात सारा रोख आणि ठरल्या मुदतीत भरावा लागू लागला, जमीन विकता-गहाण टाकता येऊ लागली आणि सावकाराच्या खतामागे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा उभा राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि त्याच सुमारास फेरपाहणी होऊन साराही वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि मागची वसुली लावली.

यात एक बारीक गोष्ट आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. झाले असे, की दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहिले जाऊ लागले आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसले.

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर ज्याने माझ्यासारखी वर्षे काढली, त्याला हे वाचताना मार्चअखेर आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवसांत गावात ‘नवे-जुने’ चालते. कर्जदार चार दिवसांसाठी बाहेरून चढ्या व्याजाने पैसे आणतो, जुने कर्ज फेडतो, नवे मंजूर करून घेतो आणि त्यातून बाहेरचे देणे भागवतो. दप्तरी वसुली चोख दिसते. शेतकऱ्याच्या हाती फरकाची किरकोळ रक्कम उरते, कधी तीही नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना हे ठाऊक असते.

सुप्याच्या दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. दोष सावकाराचा, सरकारी साऱ्याचा नव्हे, असा त्याचा सूर होता. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, कर्जापायी होणारी अटक थांबली. कायदा चांगला होता. पण शेतकऱ्याची रोख पैशाची गरज त्याने घटली नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी मुदत खरेदीचा मार्ग धरला. आजही बेकायदा सावकारी खरेदीखताच्या आडून चालते आणि अशी बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात करावी लागली.

कर्जमाफीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची माफी झाली. २००८ मध्ये दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांची थकीत पीककर्जे माफ झाली. महाराष्ट्रात २०१७ साली मर्यादा दीड लाख होती, २०१९ साली दोन लाख. महागाई जमेस धरली तरी प्रश्न उरतो : औषध इतक्या वेळा द्यावे लागते, ते दुखणे नेमके कुठले? बुडत्याला आधी बाहेर काढले पाहिजे, यात वाद नाही. पण २०१९ च्या योजनेला ज्या महात्मा फुल्यांचे नाव दिले, त्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे मागितले, तळी मागितली, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण मागितले. नाव घेणे सोपे असते, मागण्यांची यादी लांब असते.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. १८७५ मध्ये रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. गावातलेच जे ब्राह्मण सावकार होते, ते बहुतांशी सुटले. बाहेरचा माणूस चटकन डोळ्यांत भरतो. सारा ठरवणारी कचेरी आणि कापसाचा भाव ठरवणारा समुद्रापलीकडचा बाजार मात्र कोणाला दिसतच नव्हता, मग जाळणार काय? आजही शिव्या खातो तो बँकेचा शाखाधिकारी, बाजार समितीतला अडत्या किंवा शेजारची जात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. तो निर्णय दिल्लीत झाला. भांडणे लासलगावच्या ओट्यावर झाली.

इतिहासाची पुनरावृत्ती होते असे मी मानत नाही. आज सारा नगण्य आहे, सावकाराच्या जोडीला बँका आल्या आहेत आणि शेतकऱ्याच्या हाती मत आहे. इतिहासाचा उपयोग एवढाच, की समोर दिसणाऱ्या माणसामागे कोण उभे आहे हे तो पाहायला लावतो. सुप्याची खते जळाली, पण पुढच्या पेरणीला बियाण्यासाठी पुन्हा उसनवारी करावीच लागली. म्हणून सातबारा कोरा करण्याचे वचन देणाऱ्याला मतदाराने एक प्रश्न जरूर विचारावा : पुढच्या हंगामात त्याच रकान्यात पुन्हा बोजा चढू नये, यासाठी तुम्ही काय करणार आहात?